डाव्या बगलेतली बाटली

खाडीत उतरताना बाळाराम तांडेलच्या अंगावर दोन सिलिंडर असत. मोठं पाठीवर, ते ठेकेदाराचं. दुसरं म्हणजे तीन लिटरची एक निळी बाटली, डाव्या बगलेखाली पट्ट्यांनी आवळलेली. ती त्याची स्वतःची. रोज सकाळी करावे गावातून निघताना तो ती स्कूटरवर पायांमध्ये धरून आणायचा, आणि काम संपलं की खारं पाणी धुऊन, पुसून परत घरी न्यायचा. शेडमध्ये ठेवून जायला त्याचा जीव धजत नसे.

"काका, बाळ आनलं का?" सुपरवायझर हितेश रोज विचारायचा. "दूध पाजलं का त्याला?"

शेडमधली माणसं हसायची. बाळाराम बाटलीतली हवा दाखवणाऱ्या गेजवरचा काटा बघायचा, तिच्या रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, दोन श्वास घेऊन पाहायचा आणि पट्टे ओढायला लागायचा.

काम म्हणजे खाडीतल्या जेट्ट्यांचे आणि पुलांचे खांब पाण्याखाली जाऊन तपासायचे. कुठे तडा गेलाय, कुठे आतलं लोखंड उघडं पडलंय, गंजाने किती खाल्लंय. बाळारामच्या बापाची होडी होती. खाडीतली मासळी कमी झाली, होडी विकली गेली, आणि पोरगा खाडीच्या वर राहण्याऐवजी तिच्या तळाशी जाऊन पोट भरायला लागला. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. वय एक्कावन्न. इथलं पाणी असं की दोन हात खाली गेलं की स्वतःचा पंजा दिसत नाही. टॉर्च लावला तर उजेड चहात विरघळल्यासारखा होतो. त्यामुळे डोळे असून नसल्यासारखे, सगळं काम हाताने चाचपून.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या निळ्या बाटलीची गरज नव्हती, कारण ज्योतिबा होता.

ज्योतिबा चौगुले पन्हाळ्याकडचा. नदीत पोहून तयार झालेला गडी, आवाजाने मोठा, बोलायला लागला की थांबत नसे. सोळा वर्षं दोघं जोडीने खाली गेले. पाणबुड्याच्या सिलिंडरला श्वास घ्यायची दोन तोंडं जोडलेली असतात. एक त्याचं स्वतःचं, दुसरं लांब पिवळ्या नळीचं, जोडीदारासाठी. पण दोन्ही एकाच सिलिंडरची. ते बंद पडलं की दोन्ही मेली. मग हवा मिळायची ती शेजारच्या माणसाकडूनच. म्हणून एकट्याने उतरायचं नाही असा या धंद्यातला नियम. ठेकेदाराला तो नियम कधीच आवडला नव्हता, एका खांबाला दोन माणसं कशाला म्हणून. पण ज्योतिबा त्याच्या तोंडावर सांगायचा, "मालक, तुम्ही या की मग दुसरे." आणि मालक गप्प बसायचा.

बाळारामची बायको गंगू गेली तेव्हा ज्योतिबा तेरा दिवस करावेत त्याच्या घरी राहिला होता. भाऊबंद येऊन जाऊन असायचे. ज्योतिबा मात्र सकाळी उठून ओटा झाडायचा, पाणी भरायचा, आणि संध्याकाळी बाळारामच्या शेजारी नुसता बसून राहायचा. त्या तेरा दिवसांत तो बडबड्या माणूस किती कमी बोलला होता, ते बाळारामला नंतर आठवायचं.

मग तो दिवस आला. खाडीकाठच्या एका पंपहाऊसची पाण्याखालची जाळी साफ करायची होती. दोघं सात-आठ मीटर खाली. ज्योतिबाची नळी अचानक फाटली आणि त्याचं सिलिंडर भसाभसा रिकामं झालं. बाळारामला यातलं काहीच दिसलं नाही. त्याला एवढंच कळलं की काळोखातून एक हात आला, त्याच्या चेहऱ्यावर आपटला आणि त्याच्या तोंडातलं रेग्युलेटर ओढून घेतलं गेलं. खारं पाणी घशात गेलं. बाळारामने कोपर मारलं. जोरात मारलं, आणि समोरचं अंग पुन्हा जवळ आलं तसं परत मारलं. रेग्युलेटर चाचपून तोंडात कोंबलं, एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि मग कुठे त्याच्या डोक्यात आलं की हा ज्योतिबा आहे. मग त्याने पिवळी नळी पुढे केली.

दोघं वर आले. होडीत ज्योतिबा पालथा पडून खोकत होता. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. बाळाराम त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ज्योतिबा शेवटी उठून बसला आणि म्हणाला, "वाचलो." त्यापुढे दिवसभर कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबा कामावर आला नाही. आठवड्याने त्याचा फोन आला. "सोडलं मी, बाळा. सानपाड्यात एका सोसायटीत पंप बघायचं काम मिळालंय. खोली पण देणार हाईत." कारण त्याने सांगितलं नाही, बाळारामने विचारलं नाही. त्या वर्षी दसऱ्याला बाळाराम सोनं द्यायला त्याच्याकडे गेला होता. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं, दोघांनी ठेकेदाराला चार शिव्या घातल्या. ज्योतिबाचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. बाळारामची नजर सारखी त्या दाताकडे जात होती. चहा संपला तसा तो उठला. पुन्हा गेला नाही.

ठेकेदाराचं मात्र बरं झालं. बाळाराम एकटा उतरायला लागला. वर दोरी धरायला हितेश, खाली कोणी नाही. तेव्हा त्याने ती बाटली घेतली. एकटा माणूस म्हणजे जवळ दुसरी हवा पाहिजेच, असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि ते खरंच होतं. पण बाटली घेताना त्याच्या मनात आलं होतं ते वेगळंच. ही त्या दिवशी असती तर हात आल्याबरोबर आपण ती सबंध काढून दिली असती. कोपर उगारायची वेळ आली नसती. आता बाटली होती, आणि ज्याला द्यायची तो सानपाड्यात पंपाची बटणं दाबत बसला होता.

घरी बाळाराम एकटाच असे, जेवायचाही दार लावून. मुलगी मनस्वी ऐरोलीला दिलेली, नवरा-बायको दोघंही तिथेच कंपनीत. घरावर दोन मजले चढवून भाड्याने दिले होते. अकरा महिने झाले की भाडेकरू बदलत, नावं पाठ होईपर्यंत निघून जात. संध्याकाळी बाळाराम गच्चीवर जाऊन बाटली बगलेला बांधायचा, डोळे मिटायचा आणि गळ्यातल्या रबरात अडकवलेलं तिचं तोंड उजव्या हाताने शोधून दातात धरायचा. पुन्हा सोडायचा, पुन्हा शोधायचा. डोकं खाली करून, कुशीवर पडून, हात मागे असताना. रोज वीस-पंचवीस वेळा. वरच्या मजल्यावरची एक बाई कपडे काढायला आली की त्याच्याकडे पाहून दुसऱ्या दोरीवरचे कपडे आधी काढायची.

फेब्रुवारीत एका जुन्या खाजगी जेट्टीचं काम निघालं. अठ्ठावीस खांब. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ कमी, म्हणून रोज सकाळी तीन-चार खांब उरकत होते. त्या दिवशी मंगळवार. पंधराव्या खांबाला बाळाराम नऊच्या सुमारास उतरला. डाव्या हाताशी दोरी, तिचं दुसरं टोक वर हितेशकडे. एकदा ओढलं की ठीक, चारदा ओढलं की वर घे.

खांब कालवांनी भरलेला होता. हातमोजे असूनही त्यांच्या कडा बोटांना लागत होत्या. बाळाराम खांबाला धरून, हाताने वेढे घेत खाली गेला. तळाशी पोचला तेव्हा सिलिंडरमध्ये भरपूर हवा होती. खांबाच्या मागच्या बाजूला सरकताना पाठीला काहीतरी मऊ लागलं. शेवाळ असेल म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. पुढे सरकायला गेला तर सरकता येईना.

जाळं होतं. कोणाचं तरी तुटून वाहत आलेलं, दोन खांबांमध्ये अडकून राहिलेलं जुनं नायलॉनचं जाळं. बाळारामच्या पायाला, सिलिंडरला, डाव्या हाताला त्याने कधी धरलं ते कळलं नव्हतं. कोळ्याच्या पोराला जाळ्याने धरलं, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला किंचित हसूही आलं. त्याने उजवा खांदा वळवून सुटायचा प्रयत्न केला. सिलिंडर खांबावर घासलं. पुन्हा वळला, पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा वळला तेव्हा श्वास जड झाला.

चेपलेल्या स्ट्रॉमधून काहीतरी ओढावं तसा. मग अर्धाच आला. मग आलाच नाही.

सिलिंडरच्या वरची चावी खांबाला घासून घासून बंद झाली होती, हे त्याला नंतर वर आल्यावर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की तोंडात रबर आहे आणि त्यात हवा नाही. त्याने डाव्या हाताने दोरी ओढली. चारदा ओढली. दोरी जाळ्यात गुंतलेली होती. ताण वर गेलाच नाही, जाळंच तेवढं हललं. छाती आत ओढायला लागली. आणि तेव्हा त्याचा उजवा हात त्याच्या ताब्यातून गेला. दोन वर्षं गच्चीवर शिकवलेला तो हात गळ्याकडे न जाता समोर काळोखात गेला, बोटं पसरून, कुणाचं तरी तोंड शोधत. तिथे कोणी नव्हतं. पंजात नुसता गाळ येत होता. असता कोणी तर बाळारामने त्याच्या तोंडातलं ओढून काढलं असतं, दातासकट ओढलं असतं, याबद्दल त्याला त्या क्षणी किंवा नंतर कधीही शंका वाटली नाही.

हात परत आला तो गळ्यावर आपटला. बोटांना रबर लागलं. त्याने बाटलीचं तोंड दातात धरलं, आतलं पाणी फुंकून काढलं आणि श्वास ओढला.

हवा आली. थंड, कोरडी, जराशी रबराच्या वासाची.

बाळारामने काही केलं नाही. जाळ्यात तसाच उभा राहून त्याने दहा श्वास मोजून घेतले. घाबऱ्याघुबऱ्या ओढलं तर ती बाटली पाच मिनिटांची, सावकाश घेतलं तर दहाची. दहा श्वास झाल्यावर त्याने पायाला बांधलेला सुरा काढला आणि डाव्या हातापासून सुरुवात केली. एक एक धागा बोटाने शोधायचा, तो आपली नळी नाही ना हे चाचपून बघायचं, मग कापायचा. डावा हात सुटला. सिलिंडरमागचं जाळं हाताला लागण्याचा प्रश्नच नव्हता, तिथे त्याने सुरा अंदाजाने फिरवला. पाय सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मधे एकदा सुरा हातातून निसटला. तो नशिबाने जाळ्यातच अडकून राहिला होता. शेवटचा धागा तुटला तेव्हा बाटलीतला श्वासही जड व्हायला लागला होता. बाळाराम खांबाला न धरता, हळूहळू हवा सोडत वर आला.

वर ऊन होतं. जेट्टीच्या कडेला हितेश दोरी एका पायाखाली दाबून उभा होता आणि फोनवर बोलत होता. बाळारामचं डोकं वर आलेलं पाहून त्याने बोटाने थांबा अशी खूण केली, बोलणं संपवलं आणि म्हणाला, "काय काका, आज लवकर? झाला खांब?"

बाळाराम शिडीला धरून राहिला. त्याने बाटलीचं तोंड दातांतून सोडलं.

"क्रॅक हाय का काय?"

"जाळं हाय खाली," बाळाराम शेवटी म्हणाला.

"जाळं? बरं, लिहून ठेवतो." हितेशने वहीत लिहिलं. मग बाळारामच्या बगलेकडे बघून म्हणाला, "आज बाळाने दूध सांडलं वाटतं." बाटलीचं तोंड लोंबत होतं.

बाळाराम शेडमध्ये येऊन बाकावर बसला. हातमोजे काढून बाजूला ठेवले. आजूबाजूला माणसं जात-येत होती, कोणी कॉम्प्रेसर चालू केला, कोणी चहा आणला. चहा त्याच्यासमोर ठेवला गेला आणि गार झाला. खाली जे घडलं ते या शेडमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. त्याने सांगितलं नसतं तर कधी कळणारही नव्हतं. आणि तो वर आला नसता तर? दोरी ओढून बघेपर्यंत हितेशचे दोन फोन तरी झाले असते.

तब्येत बरी नाही सांगून तो निघाला. करावेला पोचला, बाटली धुतली, आणि ओट्यावर बसून मनस्वीला फोन लावला.

"पप्पा, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का?"

"नाय गं. असाच केला."

"आवाज असा का येतोय? सर्दी झालीय का?"

"व्हय, जरा पानी गेलं नाकात."

"वाफ घ्या. संध्याकाळी करते मी." फोन बंद झाला.

तिला सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि उद्यापासून काम बंद करा म्हणाली असती. तिचं चुकलं नसतं. पण चावी कशी बंद झाली, दोरीचा ताण कसा वर गेला नाही, बाटलीतली हवा पहिल्या श्वासाला कशी लागली, हे तिला काय सांगणार? बाळाराम घरात गेला. गंगूच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिला. सकाळचा भात होता, तो ताटात घेतला आणि झाकून ठेवला. चार वाजता त्याने स्कूटर काढली आणि सानपाड्याला गेला.

सोसायटीच्या मागे पंपाच्या खोलीला लागूनच ज्योतिबाची खोली होती. दार उघडंच होतं. दारात खोकी रचलेली, एका गाठोड्यातून तव्याची दांडी बाहेर आलेली. ज्योतिबाची बायको सगुणा खाली बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"अगंबाई, भावजी! या की. किती दिसांनी." तिने घाईघाईने चटई झटकली. "अहो, कोण आलंय बघा."

ज्योतिबा पंपाच्या खोलीतून हात पुसत आला. केस पांढरे झाले होते. बाळारामला बघून तो दारातच थांबला.

"बस की," तो म्हणाला. मग खोक्यांकडे हात करून, "आम्ही चाललो गावाकडं. रविवारी टेम्पो सांगितलाय. म्हातारीला आता उठवंना झालंय, तिला बघायला कोण न्हाई."

"कायमचे?"

"कायमचे."

सगुणा चहा ठेवायला वळली. स्टोव्ह अजून बांधला नव्हता. बाळाराम चटईवर बसला. काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"आज माझी हवा बंद झाली," तो म्हणाला.

ज्योतिबाने त्याच्याकडे पाहिलं. "कुठं?"

"जेट्टीला. खांबाच्या मागं. जाळ्यात सापडलो."

"जोडीला कोण होतं?"

"कोन नाय."

ज्योतिबा खाली बसला. "सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

बाळारामने सांगितलं. ज्योतिबा मधे मधे प्रश्न विचारत होता, आणि प्रत्येक प्रश्न नेमका लागत होता. श्वास एकदम तुटला की जड होत होत तुटला? जड होत गेला म्हणजे चावी. खांबाला सिलिंडर घासलं का? दोरी कुठल्या हातात होती? बाटली कुठं बांधतोस?

"डावीकडं."

"दोरी बी डावीकडं आन बाटली बी डावीकडं? अरं मर्दा! गुंतला की दोन्ही एकदम गेलं. बाटली उजवीकडं लाव."

"तोंड गल्यात असतंय."

"तोंड गळ्यात असू दे. बाटलीची चावी तर डावीकडंच न्हवं? ती फिरली असती मग?"

बाळारामने मान हलवली. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. दोन वर्षांत कोणी सांगितलंही नव्हतं. सगुणाने चहाचे कप दोघांच्या मधे ठेवले आणि ती बाहेर जाऊन बसली.

"हात माझ्या ताब्यात नव्हता," बाळाराम म्हणाला. "गल्याकडं न्यायचा तो पुढं गेला. कोन असता ना समोर, तर त्याचं काढून घेतलं असतं मी."

ज्योतिबाने कप त्याच्यापुढे सरकवला.

"त्या दिवशी मी तुला मारलं," बाळाराम म्हणाला. आता बोलणं थांबवता येत नव्हतं. "कोपर मारलं. दोनदा. हवा द्यायची सोडून मारलं. आधी माझे दोन श्वास घेतले आन मग तुला दिलं. तुझा दात माझ्यामुळं गेला. मना म्हाईत हाय, तू म्हनून सोडलंस काम."

पलीकडे पंप चालू होता, त्याची घरघर भिंतीतून येत होती. ज्योतिबाने जीभ त्या तुटक्या दातावरून फिरवली.

"कोपर बसलं ते ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "बसणारच. तू न्हाई मारायचं तर काय करायचं? पण मी सोडलं ते त्यापायी न्हाई, बाळा." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुझी पिवळी नळी कुठं असते ते मला झोपेत बी ठाऊक होतं. सोळा वर्षं. बरगडीपाशी, उजव्या अंगाला. हात तिकडं न्यायचा सोडून मी तुझ्या तोंडातलं काढलं. तू तिथंच मेला असतास तर? मनस्वीला काय सांगितलं असतं मी? रात रात झोप न्हवती. म्हटलं, ज्याच्या तोंडातली हवा काढून घेतली त्याच्याबरुबर पुन्हा कुठल्या तोंडानं उतरू?"

"तू दसऱ्याला काय बोलला नायस."

"तू तरी कुठं बोललास? तू माझ्याकडं बघत बी न्हवतास. मला वाटलं, राग हाय तुझ्या मनात."

"मी दाताकडं बघत होतो."

ज्योतिबाने कप उचलला आणि परत खाली ठेवला. दोघंही म्हातारे होत आलेले पुरुष, खोक्यांच्या मधे चटईवर बसलेले. दोन वर्षं, सानपाडा ते करावे, स्कूटरने पंधरा मिनिटं. बाळारामला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ते कळत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले तसं ज्योतिबाने तोंड फिरवलं आणि एका खोक्याची दोरी उगाचच सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"रविवारी येतो," बाळाराम उठताना म्हणाला. "सामान चढवायला."

"ये. सकाळी आठला."

दुसऱ्या दिवशी बाळारामने हितेशला शेडच्या मागे नेऊन सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. ऐकता ऐकता हितेशच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "काका, तुमी काल बोलला का नाय?" तो म्हणाला. बाळारामने सांगितलं की आता तो एकटा उतरणार नाही, दुसरा माणूस आणा. हितेशने मालकाला फोन केला. मालक म्हणाला, बघतो. बघतो म्हणजे किती दिवस ते कोणालाच सांगता येईना. तोवर चौदा खांब तसेच राहिले, आणि बाळाराम रोज सकाळी येऊन शेडमध्ये बसायला लागला. पण बाळाची चेष्टा त्या दिवसापासून बंद झाली.

रविवारी तो सानपाड्याला आठच्या आधीच पोचला. सामान फारसं नव्हतं. तासाभरात टेम्पो भरला. कपाट चढवताना दोघांनी जुन्या सवयीने एकमेकांना न सांगता एकाच वेळी उचललं. सगुणा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. ज्योतिबाने एक पाय टेम्पोत टाकला आणि मागे वळला.

"एकटा उतरू नको."

"नाय उतरत."

"आन उतरलासच तर बाटली—"

"उजवीकडं. सांगितलंयस."

ज्योतिबाने हात नुसता वर केला आणि आत बसला. टेम्पो सोसायटीच्या फाटकातून वळून हायवेच्या बाजूला गेला. बाळाराम तिथे उभा राहिला. नवीन पंपवाला किल्ल्या घेऊन आला आणि त्याने विचारलं, "तुम्ही त्यांचे भाऊ का?"

बाळारामने मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्या माणसाला कळलं नसावं.

संध्याकाळी सात वाजता ज्योतिबाचा फोन आला. पोचलो म्हणाला. मागे गुरं हंबरत होती, कोणीतरी बाई मोठ्याने बोलत होती, आणि ज्योतिबाचा आवाज तुटत होता. "रेंज न्हाई हितं," असं काहीसं ऐकू आलं, मग फोन कटला. बाळारामने परत लावून पाहिला, लागला नाही. त्याने कुकर उतरवला, ताट घेतलं, आणि जेवताना दार उघडंच ठेवलं.